हार घालायला सगळे, सही करायला कोणी नाही

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक चांगली पद्धत पडलीय. सातारा, सांगली, नगर, बीड, जळगाव, कुठल्याही जिल्ह्यात जा, गावातला माणूस मिलिटरीतून पेन्शन आला की फाट्यापासून त्याची मिरवणूक निघते. उघडी जीप फुलांनी सजवलेली, पुढे हलगी नाहीतर डीजे, दारादारात रांगोळ्या, बायका ओवाळायला उभ्या, चौकात "सेवापूर्ती सोहळा" म्हणून मोठा फ्लेक्स, आणि तो युनिफॉर्ममध्ये सगळ्यांना हात जोडत उभा. आई हयात असेल तर तिच्या डोळ्यातलं पाणी खळत नाही. मला हे सगळं मनापासून आवडतं. वीस वर्षांपूर्वी हाच माणूस काळी ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीतून उतरायचा आणि गावाला दोन दिवसांनी कळायचं की अरे हा तर कायमचा आलाय, त्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. लोकांच्या मनात फौजीबद्दल प्रेम आहे यात मला अजिबात शंका नाही.

माझं म्हणणं मिरवणुकीच्या पुढच्या सोमवारपासून सुरू होतं. त्या सोमवारी हाच माणूस तलाठ्याकडे जातो, बँकेत जातो, पोराच्या कॉलेजात जातो, नोकरीसाठी चार ठिकाणी बायोडाटा घेऊन जातो आणि प्रत्येक टेबलापाशी त्याला कळतं की कालचा हार कालच संपला. आपला समाज सैनिकावर प्रेम करतो, पण ते प्रेम दिवसावर आणि प्रसंगावर आहे, ते कामात उतरत नाही, आणि जे कामात उतरत नाही त्याला मी तरी कदर म्हणायला तयार नाही.

मी तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान चालवतो. सातारा जिल्हा म्हणजे घरटी एक फौजी असा आमचा भाग. आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, गावाच्या नावातच मिलिटरी, पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले आणि इंग्रजांनी तिथे त्यांचं स्मारक उभारलं. आजही त्या गावातली पोरं भरतीला पळतात. त्यामुळे माझ्या दुकानात रोज कोणी ना कोणी पेन्शनर असतोच, आणि नोव्हेंबर महिना तर पूर्ण त्यांचाच, कारण हयातीचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी पेन्शन बँकेतून निघायची, मॅनेजर ओळखीचा असायचा, माणूस समोर उभा राहिला की काम झालं. आता सगळं स्पर्श नावाच्या पोर्टलवर गेलंय. पोर्टल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, ज्याची कागदपत्रं सरळ आहेत त्याचं काम पाच मिनिटात होतं. पण सत्तरीच्या, ऐंशीच्या माणसाची कागदपत्रं सरळ कुठून असणार?

एक आजी येतात, नवरा १९७१ च्या लढाईत होता, पुढे सुभेदार होऊन पेन्शन आला, आता तो गेला आणि फॅमिली पेन्शन यांना. रेकॉर्डला यांचं माहेरचं नाव, आधारला सासरचं, जन्मतारीख तिसरीच. आयुष्यभर खुरपणी आणि भांगलण केलेल्या हाताचा अंगठा मशीनवर उमटत नाही, पुसून, क्रीम लावून, दहाही बोटं ठेवून बघितली. मग मोबाईलवर चेहऱ्यानं करायचं म्हटलं तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डोळा नीट उघडत नाही आणि ॲप म्हणतं पापणी मिटा-उघडा. नाव दुरुस्त करायचं तर प्रतिज्ञापत्र, गॅझेट, सैनिक कल्याणच्या ऑफिसचं पत्र, मग रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं, तिथून प्रयागराजच्या लष्करी पेन्शन ऑफिसला, आणि मध्येच कुठून तरी इंग्रजीत पत्र येतं की अमुक कागद जोडलेला नाही. या आजींच्या घराच्या दर्शनी भिंतीवर नवऱ्याचा युनिफॉर्ममधला फोटो आहे, दर १५ ऑगस्टला शाळेत त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची असते, नारळ आणि शाल मिळते. आणि ज्या ऑफिसात त्यांच्या नावाची दुरुस्ती अडकली होती तिथला माणूस त्यांना "पुढच्या आठवड्यात या" एवढंच सांगत राहिला, बसायला सुद्धा सांगितलं नाही. शाल देणारे आणि पुढच्या आठवड्यात या म्हणणारे लोक वेगळ्या ग्रहावरचे नाहीत हो, एकाच तालुक्यातले आहेत, एकमेकांचे पाहुणे आहेत.

आता त्याग म्हणजे नक्की काय ते पण जरा बोलू. आपल्या डोक्यात त्याग म्हणजे तिरंग्यात गुंडाळून आलेला देह. तो त्याग सगळ्यात मोठा आहे हे सांगायलाच नको. पण बहुतेक सैनिक जिवंत परत येतात, आणि त्यांनी दिलेलं काही कमी नसतं. अठरा-एकोणीसाव्या वर्षी घर सोडलं, बेळगावच्या सेंटरला नाहीतर आणखी कुठे ट्रेनिंग झालं, मग राजस्थान, आसाम, काश्मीर, लेह. पोरगं झालं तेव्हा हा तिकडे, पोरगं चालायला लागलं तेव्हा हा तिकडे, बाप गेला तेव्हा तार नाहीतर फोन, आणि गाडी बदलत बदलत गावात पोचेपर्यंत राख सावडून झालेली. मी असे दोन-तीन जण वैयक्तिक ओळखतो ज्यांनी आईचं किंवा बापाचं शेवटचं तोंड बघितलेलं नाही, ते हे सांगताना रडत बिडत नाहीत, नुसतं सांगतात आणि विषय बदलतात.

आणि बायको. फौजीच्या बायकोनं वीस वर्षं जे ओढलं त्याचा हिशोब कुठल्याच सेवापूर्ती सोहळ्यात होत नाही. सासू-सासरे, शेती, म्हशी, पोरांच्या शाळा, दवाखाना, सगळं एकटीनं. त्यात भाऊबंदकी. नवरा बॉर्डरवर आहे म्हटल्यावर चुलत्यांनी बांध कोरायला सुरुवात केली ही गोष्ट आमच्या भागात इतकी सर्रास आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. तो सुट्टीवर येणार पंधरा-वीस दिवस, त्यात मोजणीची तारीख मिळत नाही, तहसीलला तारीख पडते तेव्हा तो परत पल्टनीत. सैनिक लढाईच्या भागात असताना त्याच्या पाठीमागे कोर्टात त्याच्याविरुद्ध निकाल लागू नये म्हणून १९२५ साली इंग्रजांनी खास कायदा केला होता, तो आजही लागू आहे, पण गावातल्या किती लोकांना तो माहितीय? बांध कोरणारा चुलता पुन्हा मिरवणुकीत पुढे नाचायला असतोच. मला त्या चुलत्याचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

देशात दरवर्षी साधारण ६०,००० सैनिक निवृत्त होतात आणि त्यातले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस वयातले असतात. म्हणजे ज्या वयात बँकेतला माणूस मॅनेजर व्हायला लागतो, शिक्षक मुख्याध्यापक व्हायची वाट बघतो, त्या वयात याची नोकरी संपते. पोरं सातवी-आठवीत, घराचं कर्ज काढायचंय, आईबाप म्हातारे. पेन्शन आहे, पण शिपाई किंवा नाईक म्हणून आलेल्याच्या पेन्शनवर शहरात पोरगं शिकवून बघा एकदा. म्हणून हा परत नोकरी शोधतो. आणि त्याला काय मिळतं? वॉचमनची नोकरी. पुण्यात हिंजवडी, वाकड, खराडीला जा, नाहीतर नवी मुंबईत जा, गेटवर बारा तास उभा असलेला माणूस विचारून बघा, बऱ्याचदा मराठा लाईट इन्फंट्री नाहीतर आर्टिलरी निघेल. ज्यानं रेडिओ सेट चालवला, कोट्यवधीच्या गाड्या मेंटेन केल्या, तीस-चाळीस माणसं सांभाळली, रात्री बर्फात पोस्ट सांभाळली, त्याच्यात आपल्याला फक्त गेट उघडणारा दिसतो. काम कुठलंच हलकं नसतं, वॉचमनचंही नाही, पण त्याला येणारं दुसरं काम आपल्याला दिसतच नाही ही आपल्या डोळ्यातली खोट आहे. सोसायटीच्या जाहिरातीत "माजी सैनिकांची सिक्युरिटी" असं अभिमानानं लिहितात, आणि महिन्याच्या मीटिंगला त्याच माणसाचे पाचशे रुपये वाढवायचे म्हटले की तासभर वाद.

आरक्षण आहे ना, असं लगेच कोणीतरी म्हणतं. आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांना आहेत, बँका आणि सरकारी कंपन्यांत त्याहून जास्त, आपल्या राज्यातही १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण २०२१ ची आकडेवारी बघा, केंद्राच्या खात्यांमध्ये गट क मध्ये माजी सैनिक प्रत्यक्षात दीड टक्क्याच्याही खाली होते आणि गट ड मध्ये तीन टक्क्यांच्या खाली. याची कारणं दोन्ही बाजूंनी आहेत हे मान्य, वीस वर्षं अभ्यासापासून तुटलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या पोराबरोबर स्पर्धा परीक्षा देणं अवघड जातं, काही जण अर्जच करत नाहीत. पण मग त्याला तयार करायची जबाबदारी कोणाची? नोकरीत असताना शेवटच्या वर्षात काही कोर्स देतात, मी त्यांची सर्टिफिकेटं स्कॅन करतो, चांगली असतात, पण ती बघून बाहेर कोणी नोकरी देत नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला हवालदार म्हणजे काय, तो किती माणसांना जबाबदार असतो, हेच माहिती नसतं.

गावात प्रत्येक निवृत्त सैनिकाला मेजर म्हणायची पद्धत आहे, तो नाईक असो नाहीतर सुभेदार. प्रेमानंच म्हणतात. पण "मेजर, जरा कॅन्टीनमधून एखादी बाटली काढून द्या की" हेही त्याच तोंडानं म्हणतात. त्याच्या वीस वर्षांतून गावाला नेमकं काय लक्षात राहिलं, तर कोटा. एखाद्यानं नाही म्हटलं तर तो माणूसघाणा ठरतो. फौजीच्या घरी बसून लोक त्याच्या कॅन्टीन कार्डबद्दल तासभर विचारतात, पण तू तिथे काय बघितलंस रे बाबा, असं विचारणारा माणूस मी क्वचित बघितलाय. आणि बघितलेलं खूप असतं. काही जण रात्री नीट झोपत नाहीत, फटाका वाजला की दचकतात, चिडतात, दारूकडे वळतात, आणि गाव म्हणतं मिलिटरीत राहून डोकं फिरलंय. त्याला मदत लागते, डॉक्टर लागतो, हे आपल्या गावात बोलायची सोय नाही.

आता मोठ्या पातळीवरचं एक उदाहरण देतो, कारण गावातल्या तलाठ्यालाच दोष देऊन चालणार नाही. जानेवारी २०१३ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ एक नाईक गस्तीवर होता, हवामान भयंकर खराब, त्याला श्वास लागला आणि तो तिथेच गेला. आधी त्याचा मृत्यू लढाईतला धरला, नंतर कागदावर प्रकार बदलला आणि नुसता सेवेशी संबंधित मृत्यू असं लिहिलं. या बदलामुळे त्याच्या पत्नीला जी वाढीव फॅमिली पेन्शन मिळायला हवी होती ती नाकारली. ती बाई लष्करी न्यायाधिकरणात गेली, २०१९ मध्ये जिंकली. आणि त्यावर सरकारनं काय केलं, तर सुप्रीम कोर्टात अपील. एका नाईकाच्या विधवेविरुद्ध भारत सरकार. ३ डिसेंबर २०२४ ला न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांनी ते अपील फेटाळलं, या बाईला इथपर्यंत ओढायलाच नको होतं असं सुनावलं आणि सरकारला ५०,००० रुपयांचा दंड लावून ते पैसे तिलाच द्यायला सांगितले. न्याय मिळाला, पण नवरा गेल्यापासून जवळजवळ बारा वर्षांनी. त्या बारा वर्षांत किती वेळा स्वातंत्र्यदिन आला आणि किती भाषणं झाली असतील.

हे एकच प्रकरण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. अपंगत्वाच्या पेन्शनचं वर्षानुवर्षं हेच चाललंय. माणूस भरती होताना डॉक्टर त्याला वरपासून खालपर्यंत तपासून घेतात, छाती मोजतात, दात मोजतात, आणि पंधरा वर्षांनी त्याला बीपी, डायबिटीस, मानसिक त्रास झाला की म्हणायचं याचा नोकरीशी संबंध नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळे झाला असं धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. तरीही अपिलं चालूच राहिली. २०१५ मध्ये गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी याचसाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती, आणि स्वतःच्याच सैनिकांविरुद्धची असली नको ती अपिलं थांबवा असं त्या समितीनं सांगितलं. पर्रीकर साहेबांनी दुखण्यावर बोट ठेवलं होतं, त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. पण त्यानंतर नऊ वर्षांनी त्या नाईकाची विधवा सुप्रीम कोर्टात उभी होती.

विधवांचं निघालंच आहे तर आणखी एक. शौर्यपदक मिळालेला सैनिक गेला तर त्याच्या पदकाचा भत्ता पत्नीला मिळतो, तिनं दुसरं लग्न केलं की बंद व्हायचा, पण दिराशी लग्न केलं तर चालू राहायचा. हा नियम नोव्हेंबर २०१७ पर्यंत होता. आपल्याच काळातली गोष्ट, हातात स्मार्टफोन आल्यानंतरची. बाईनं कोणाशी लग्न करायचं ते सरकारी भत्ता सांगणार, आणि आपण त्याच बाईला वीरपत्नी म्हणून स्टेजवर बोलावणार. नियम बदलला हे चांगलंच झालं, पण तो तोपर्यंत टिकला कारण आपल्यापैकी कोणाला तो माहितीच नव्हता.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर आता सगळ्यांना माहिती आहेत, २०२४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला म्हणून. १९६५ च्या युद्धात या माणसाच्या अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि त्यातून उठून त्यानं १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकला ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री कधी मिळाली? २०१८ ला. अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा माणूस पुण्यात आपल्यातच राहत होता. तो सुवर्णपदक जिंकून विसरला गेला, तर ज्यानं काहीच जिंकलं नाही, नुसताच जखमी होऊन आला, त्याचं काय होत असेल? पुण्यात खडकीला जखमी सैनिकांना काम शिकवणारी, १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, आणि तिथेच पाठीच्या कण्याला मार लागून अधू झालेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून. तिथे राहणारी माणसं विशी-तिशीत व्हीलचेअरवर आली आणि तिथेच आयुष्य काढतायत, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, वस्तू बनवतात, काही तर तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. माझ्या ओळखीचे किती तरी पुणेकर तिथून रोज ऑफिसला जातात, त्यांना ते आत काय आहे हेच माहिती नाही. सहज विचारलं की सांगतात, मिलिटरीचं काहीतरी आहे.

या सगळ्यावर एक प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. सैनिकच का? गटारात उतरून मरणारा सफाई कामगार, खांबावर चढणारा लाईनमन, कर्जापायी फास घेणारा शेतकरी, हे पण देशासाठीच राबतात, आणि सैनिकाला निदान पगार-पेन्शन-कॅन्टीन तरी आहे. तो स्वतःहून भरती झाला, कोणी ओढून नेला नव्हता. मी या प्रश्नाला उडवून लावणार नाही. गटारात माणूस मरतो ही आपल्या सगळ्यांची लाज आहे आणि त्याला सैनिकापेक्षा कमी लेखायचं काही कारण नाही. पण सैनिकाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. तो भरती होताना स्वतःचे हक्कच गहाण ठेवतो. आपल्या घटनेच्या कलम ३३ नुसार संसद सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करू शकते, आणि केलेले आहेत. त्याला युनियन काढता येत नाही, संप करता येत नाही, पेपरवाल्यांशी बोलता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, मनाला आलं म्हणून राजीनामा टाकून घरी येता येत नाही. एसटीवाले संपावर गेले, शिक्षक आझाद मैदानावर बसले, डॉक्टरांनी ओपीडी बंद केली, त्यांचं म्हणणं बरोबर की चूक ते सोडा, निदान त्यांना बोलता आलं. सैनिकाला वीस वर्षं गप्प बसायचं असतं आणि त्याच्या वतीनं बाकीच्यांनी बोलायचं असतं, आणि ते बोलणं आपण करत नाही. म्हणून मी म्हणतो त्याचं देणं आपल्याकडे आहे.

आणि निवृत्त झाल्यावर ते बोलले तेव्हा काय झालं तेही बघा. वन रँक वन पेन्शनसाठी जून २०१५ मध्ये माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरला बसले. मागणी साधी होती, एकाच हुद्द्यावर तेवढीच वर्षं काम केलेल्यांना पेन्शन सारखी द्या, कधी निवृत्त झाला यावर फरक नको. १९७३ पासून रखडलेली गोष्ट. १४ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सुरक्षेचं कारण सांगून पोलिसांनी त्यांना तिथून हटवायला सुरुवात केली, छातीवर मेडल लावलेल्या म्हाताऱ्या माणसांशी झटापट, ते फोटो सगळ्या देशानं बघितले. ५ सप्टेंबरला योजना जाहीर झाली, १ जुलै २०१४ पासून लागू, हे श्रेय सरकारला द्यायलाच पाहिजे, आधीच्या कुठल्याच सरकारनं ते केलं नव्हतं. पण त्या दिवसांत आपल्याकडे किती लोक म्हणत होते, यांना अजून किती पाहिजे, हेही मला आठवतंय.

आणि दुसरीकडे याच सैनिकाचा आपण काठीसारखा वापर करतो. २०१६ मध्ये नोटाबंदीच्या रांगेत कोणी कुरकुरला की लगेच, तिकडे जवान सियाचेनला उभा आहे आणि तुला दोन तास उभं राहता येत नाही? रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल बोला, महागाईबद्दल बोला, कोणीतरी जवानाला मध्ये आणतंच. हे बोलणाऱ्यातल्या किती जणांनी सियाचेनवरून आलेल्या माणसाचं एक तरी काम केलं असेल? सैनिकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं तोंड बंद करायचं यात त्याचा मान कसला? माझ्या दुकानात बसणारे म्हातारे फौजी तर असं कधीच बोलत नाहीत. त्यांना खड्ड्यांचा त्रास आपल्याएवढाच होतो, गुडघे दुखतात त्यांचे.

आता जे येतंय त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यातले २५ टक्के कायम, बाकीचे घरी, हातात सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख, त्यातले निम्मे त्यांच्याच पगारातून कापलेले. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. योजना चांगली की वाईट यावर लष्करातल्याच मोठमोठ्या निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये दोन मतं आहेत, तो वाद मी इथे काढत नाही. पण पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ च्या शेवटी आणि २०२७ च्या सुरुवातीला पूर्ण होतायत, आणि बाविशी-तेविशीतली पोरं गावात परत येणार आहेत. निमलष्करी दलांत, पोलिसांत त्यांना जागा राखून ठेवू असं जाहीर झालंय. पण वरचा दीड टक्का आठवा. पूर्ण नोकरी करून आलेल्या माजी सैनिकांच्या राखीव जागा आपल्याला भरता आल्या नाहीत, या पोरांच्या भरल्या जातील याची खात्री कोण देणार? आमच्याकडे आत्ताच काही ठिकाणी लग्न जमवताना मुलीकडचे विचारतात, परमनंट आहे का अग्निवीर? हेच लोक गावच्या पोराच्या भरतीच्या निकालाला पेढे वाटतात.

दर्जा नसणं म्हणजे काय ते बघायचं तर खडकवासल्याच्या एनडीएतल्या, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीतल्या पोरांचं बघा. ट्रेनिंगमध्ये जबर जखमी होऊन, काही तर कायमची अंथरुणाला खिळून, बाहेर पडलेले कॅडेट. एनडीए, डेहराडून वगैरे मिळून १९८५ पासून अशी साधारण ५०० पोरं. अधिकारी म्हणून कमिशन मिळायच्या आधी जखमी झाली म्हणून त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे लष्करी दवाखान्याची सोय नव्हती, पेन्शन नाही, महिन्याला ठराविक मदत आणि ती खर्चाला पुरत नाही. पेपरात बातम्या आल्या, ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली, आणि मग त्यांना दवाखान्याची योजना लागू झाली. पुण्यातली माणसं दर रविवारी खडकवासल्याला कणीस आणि भजी खायला जातात, एनडीएच्या बाजूनं जाताना पोरांना सांगतात बघ इथे ऑफिसर तयार होतात. इथे जखमी झालेल्यांचं काय होतं ते कोर्टानं विचारेपर्यंत आपण विचारलं नाही.

मला विचाराल तर सुरुवात फार वरून करायची गरज नाही. दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, १९४९ पासून चालू आहे, ऑफिसांना निधीचं टार्गेट असतं, शाळेत पोरं छातीला छोटा झेंडा लावतात. निधी गोळा करा, तो लागतोच. पण त्याच दिवशी तहसीलदारांनी तालुक्यातल्या माजी सैनिकांची आणि विधवांची अडकलेली प्रकरणं समोर ठेवून बसावं, तलाठी, बँक, भूमी अभिलेख, सैनिक कल्याण सगळे एका खोलीत, आणि कुठला कागद कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे ते तिथेच विचारावं. राज्यात माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, २०२० पासून, तरी ग्रामपंचायतीचं बिल येतं आणि म्हाताऱ्या माणसाला दरवर्षी परत अर्ज करावा लागतो, हे तर सरपंच आणि ग्रामसेवक एका सहीत थांबवू शकतात. मिरवणुकीच्या खर्चातले थोडे पैसे त्या माणसाच्या पोराच्या क्लासला द्या, त्याला स्वतःला परीक्षेचा फॉर्म भरायला मदत करा. गावातल्या कारखान्यात, पतसंस्थेत, शाळेच्या संस्थेत माणूस घेताना एकदा त्याचं डिस्चार्ज बुक उघडून वाचा, त्यात त्यानं काय काय काम केलंय ते सगळं लिहिलेलं असतं. आणि चुलत्यांनो, बांध जिथे होता तिथे राहू द्या.

आम्ही काही जणांनी आमच्या तालुक्यात एवढं तरी करायचं ठरवलंय की येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं आपल्या माजी सैनिकांची, विधवांची आणि परत येणाऱ्या अग्निवीरांची यादी वाचायची, आणि प्रत्येक नावापुढे कुठलं काम अडलंय आणि ते कोण करणार हे लिहायचं. काही सरपंचांनी लगेच हो म्हटलं. एका गावचे सरपंच, ज्यांनी गेल्याच वर्षी मोठी मिरवणूक काढली होती, ते प्रामाणिकपणे म्हणाले की आमच्याकडे फौजी किती आणि विधवा किती हेच आम्ही कधी लिहून काढलेलं नाही, आधी ते घरोघरी जाऊन विचारावं लागेल.